अर्धा अंश

हॅलो? … आई, ड्यूटीवर आहे गं मी. उपग्रहाच्या समोर बसलेय… काय बंद पडलंय? … टीव्ही? अगं मग डिशवाल्याला बोलव ना!

आलाय? काय म्हणतो? … 'वरच बिघडलंय'? वर म्हणजे, गच्चीत? … आकाशात! वा. सांग त्याला, आकाशाचं मी बघते. माझ्यासमोर तीन पडदे आहेत, तिन्ही हिरवेगार. … हो, हो… अगं ऐक ना, वाऱ्याने डिश हलली असणार. बाबांना म्हणावं जरा…

बाबा वरच आहेत? गुडघ्याला पट्टा बांधून?

शेजारच्या काकूंचाही गेला? … अख्ख्या गल्लीचा?

थांब. किती वाजता गेला? … 'मघाशी' नको, नीट सांग. … मालिकेतली सासू दार उघडणार तेवढ्यात? घड्याळात किती होते? … अकरा वाजून बारा मिनिटं. नक्की?

… काही नाही. … रडत नाहीये. आई, अकरा बाराला मी उपग्रह वळवला. अर्धा अंश. … पूर्वेला वळवायचा होता, पश्चिमेला वळला. अधिकच्या जागी उणे टाकलं मी. … हो, गणितात पहिली आले होते, ते आत्ता नको काढूस. … पडदे हिरवे असणारच गं! सांगितलं तिकडे बरोब्बर वळला तो. … हो, माझ्यापेक्षा आज्ञाधारक. झालं समाधान?

गुपचूप परत वळवू? नाही जमणार, प्रत्येक आज्ञेवर साहेबांची सही लागते. … चुकीच्या आज्ञेवरही केली होती त्यांनी. … माहितीये गं, पुढच्या आठवड्यात नोकरी कायम व्हायची होती. ती नाही झाली तर नाही. पण सांगावं लागणार. धर जरा.

साहेब… नाही, घरचा असला तरी कामाचाच फोन आहे. अकरा बाराची आज्ञा मी उलटी पाठवली. … हो, खाली तुमची सही आहे. … आपल्याकडे कुणीच नाही पकडलं, साहेब. डिशवाल्याने पकडलं.

आई, आहेस ना? बाबांना आधी खाली उतरव. मग टीव्हीसमोर बस, चित्र आलं की सांग. … हो, देशाच्या अवकाश संस्थेला तुझी गरज आहे, हस आता. … साहेबांची सही झाली, गेली दुरुस्त आज्ञा. चार-पाच मिनिटं लागतील. … अजून 'सिग्नल नाही'च? … आता? … बघत राहा. … आता? सासू दिसली का? … आई? हॅलो?

… साहेब, चित्र आलं.

… कशावरून म्हणजे? तिने फोन ठेवला.