दाखल्याआधीची टेस्ट

कतारमधलं दोहा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची रांग. माझ्यापुढे बापलेक.

"नुपूर, पुस्तक मिट. शुक्रवारी नाशिकला निघायचं, इथलं सगळं खलास."

"बाबा, गुरुवारी बायोलॉजीची, सेलची टेस्ट आहे. प्रश्न विचारा ना!"

"आज दाखला हातात आला, की तू या शाळेची नाहीसच."

"मागच्या टेस्टला विसात चार पडले. ते चार घेऊन मी नाही येणार."

"तिथं कोण बघणारेय?"

"मी. विचारा!"

"बरं. भिंत कुठल्या पेशीला असते?"

"प्लांट सेलला. ॲनिमल सेलला फक्त मेम्ब्रेन."

"आणि केंद्रक?"

"न्यूक्लिअस? दोन्हींना. अजून अवघड विचारा."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. बाबा खिडकीशी वाकले.

"सर, टीसी आज नहीं चाहिए. गुरुवार को आता हूँ, टेस्ट के बाद."