सूनबाईच्या परीक्षेची राखण

त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं हुतं, पन वारं कसलं ते न्हाई. आमची सून नागापूरला कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळती. तिच्या सर्टिफिकेटाची मुदत संपत आली हुती. परत परीक्षा पास झाली तरच ते चालू राहनार, न्हाईतर नोकरीचं अवघड. परीक्षा घरातूनच, कॅमेऱ्यापुढं. ती म्हनली, "तात्या, खोलीत कुनी आलं, न्हाईतर आवाज जरी आला, तरी परीक्षा रद्द!"

मी बसलो उंबऱ्यावर. तेवढ्यात शेजारची पारूबाई हाका मारत आली. मी तोंडावर हात ठेवून नुसती मान हलवली. ती मटकन खाली बसली अन् पदर डोळ्याला लावला. घडीभरात सगळी आळी अंगनात गप येऊन बसली. एकीनं तर पिठलं-भाकरी आनली. दुखवट्याच्या घरात चूल पेटत न्हाई ना! खरं काय ते त्यास्नी सांगावं, तर मला बोलायची सोय न्हाई.

एकदम दार उघडलं. "तात्या, पास झाले!" सून ओरडली. मी तर टुनकन उठलोच!

पारूबाईनं डोळं पुसलं. "अगं बया, पास झाली व्हय? मग आमचं रडनं फुकट गेलं की! आता पेढं आल्याबिगर इथून कुनी उठायचं न्हाई!"