तज्ज्ञांच्या तावडीत

नाही, पण मला एक सांगा, मी काय खुंटा आहे का? माझ्या तोंडाकडे बघून कुणाला वाटतं का, की या माणसाच्या हातात काहीतरी जिवंत द्यावं? सल्ला मागायला गेलो होतो हो मी! नुसता सल्ला! इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, काखेत फाईल... आणि समोरचा माणूस "या, बसा" म्हणायच्या ऐवजी काय म्हणतो? "जरा धरा हो!" आणि आपण बघतो तर आपल्या हातात शेपूट. गाईचं. आणि त्या शेपटाच्या पुढे अख्खी गाय!

तुम्हाला सांगतो, मी मूळचा वायरिंगचा मास्तर. आमची व्यवसाय-शिक्षणाची संस्था आहे, तिथं मी वर्षानुवर्षं पोरांना फ्यूज बांधायला शिकवलं. वायरचं कसं असतं, ठेवली तिथं राहते. तिला भूक लागत नाही, ती मागे वळून बघत नाही. सुखात होतो मी. पण आमच्याकडे प्राण्यांच्या देखभालीचा एक वर्ग होता, त्याच्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि प्राचार्यांनी मला आत बोलावलं. आमचे प्राचार्य एरवी खेकसतात. त्या दिवशी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. "सर, तुमच्या घरी मांजर आहे ना?" म्हटलं, "आहे, पण ते बायकोचं आहे. माझ्याशी त्याचं बोलणं नाही." "झालं तर मग! अनुभव आहे!" घ्या! वायरिंग गेलं दुसऱ्याकडे आणि मी प्राण्यांत.

बरं, तिथंच थांबलं असतं तर गप्प बसलो असतो. पण वरून हुकूम आला. प्रत्येक वर्गाला एक मार्गदर्शन समिती हवी. म्हणजे काय, तर त्या धंद्यात मुरलेली माणसं आणायची, त्यांनी सांगायचं, पोरांना काय शिकवा, कसं शिकवा, बाहेर कशाची गरज आहे. कल्पना चांगली आहे, मी नाही कशाला म्हणू? पण समिती नसेल तर वर्ग बंद! प्राचार्य म्हणाले, "त्यात काय एवढं? तीन तज्ज्ञ आणा, एक मीटिंग घ्या, एक फोटो काढा!" त्यांचं काय जातं बोलायला?

आता तुम्ही म्हणाल, बंद झाला असता वर्ग तर झाला असता, तुम्ही सुटला असता. मीही तेच म्हणत होतो हो! पण त्या वर्गात एक पोरगी होती. सगळे तिला मुकी मैना म्हणायचे. मुकी नव्हती, पण माणसांशी बोलायची नाही. हजेरीला नुसती मान. शिवणकामाच्या वर्गातून निघाली, बेकरीच्या वर्गातून निघाली, आणि इथं येऊन टिकली. मागच्या अंगणात आम्ही सरावासाठी एक शेळी, थोडे ससे आणि एक म्हातारा कुत्रा ठेवलाय, त्यांच्याशी मात्र हिची कुजबुज थांबायची नाही. तिची आई एक दिवस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, हा वर्ग तेवढा राहू द्या. दुसरीकडे कुठं ठेवू हो मी हिला?" अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणतो? "बघू" म्हणतो. मी काय म्हणालो? "काळजी करू नका, मी आहे!" कोण मी? ज्याला सशाचं पुढचं आणि मागचं कळेपर्यंत ससा निघून जातो, तो मी!

तर निघालो तज्ज्ञ गोळा करायला. पहिला गोठेवाला. मोठा गोठा, ओळीनं गाई, आणि हा गडी एका गाईच्या मागच्या पायापाशी वाकलेला. मी घसा साफ करून सुरुवात केली, "नमस्कार, आमच्या संस्थेच्या मार्गदर्शन समितीवर आपण..." "मास्तर, जरा धरा हो!" आणि ते शेपूट, मघाशी सांगितलं ते. "वर धरा, वर! सोडलंत तर लाथ घालेल." आता तुम्हीच सांगा, अशा अवस्थेत माणसानं धोरणात्मक काय बोलायचं? मी आपलं शेपूट धरून, मान तिरकी करून, "अभ्यासक्रमात... उद्योगाचा... सहभाग..." तो खुरात बोटं घालून म्हणतोय, "हं, बोला, ऐकतोय." ऐकत कोण होतं? गाय ऐकत होती! आणि तिनं आपलं मत लगेच दिलं... माझ्या शर्टावर.

बायकोनं दारातच थांबवलं. "आत यायचं नाही!" म्हटलं, "अगं, तज्ज्ञांकडे गेलो होतो." "तज्ज्ञ असे वास मारतात का?" शर्ट अंगणातच काढला.

दुसरी डॉक्टरबाई. प्राण्यांचा दवाखाना, बाहेर बाकावर माणसं, माणसांच्या मांडीवर टोपल्या, टोपल्यांतून गुरगुर. मी नंबर लावून आत गेलो. डॉक्टरबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "काय होतंय?" म्हटलं, "मला काही होत नाही, मी समितीसाठी..." "सर, जरा धरा हो!" ससा! मी घाबरून कान धरले. "कान नाही! कान नाही धरायचे! अहो, कुणी शिकवलं तुम्हाला?" आता काय सांगू, की बाई, मी शिकवतो? ससा छातीशी धरून मी दवाखाना बंद होईपर्यंत उभा. म्हणजे ससा गेला, मग त्याच्या जागी बोका आला, मग एक पोपट आला. त्या पोपटानं तर माझी फाईलच... जाऊ द्या.

तिसरी, कुत्र्यांचे केस कापणारी. तिचं दुकान झकपक, आरसेबिरसे. म्हटलं, इथं तरी सभ्यपणानं बसू. "काका, बरे आलात! जरा धरा हो!" ओला कुत्रा, माझ्याएवढा. आणि त्यानं ठरवलं, अंग इथंच झाडायचं. आरशात बघितलं तर त्या दुकानात सगळ्यात भिजलेला प्राणी मीच.

पण एक मात्र झालं, तिघंही यायला तयार झाले! का, तर ओळख झाली. गोठेवाला म्हणाला, "शेपूट सोडलं नाहीत मास्तर, येईन मी." माझी निवड झाली होती, त्यांची नव्हे.

मग मीटिंग. टेबलावर पांढरा कपडा, पाण्याच्या बाटल्या, प्राचार्यांचं भाषण खिशात, फोटोवाला कोपऱ्यात. तिघं आले आणि खुर्च्यांकडे न बघता थेट मागच्या अंगणात गेले! प्राचार्य माझ्याकडे बघतायत, मी बाटल्यांकडे. मागे गेलो तर वर्गातली पोरं भोवती गोळा झालेली आणि वाद पेटलेला. विषय काय? शेळी धरायची कशी! डॉक्टरबाई म्हणतायत, "हनुवटीखाली हात!" गोठेवाला म्हणतोय, "काही नको, भिंतीला लावा आणि गुडघा टेकवा!" केसवाली म्हणतेय, "मुळात धरायचंच कशाला, तिला टेकायला जागा द्या." शेळी प्रत्येकाचं ऐकून घेतेय बिचारी. आणि मग प्राचार्यांनी खोकून विचारलं, "तर मान्यवरांच्या मते, उद्योगाची मुख्य गरज कोणती?"

तुम्हाला सांगतो, सगळ्या मीटिंगमध्ये तिघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधं आहेत, यंत्रं आहेत. धरायला माणूस नाही." गोठेवाला म्हणाला, "अगदी! म्हणून तर येईल त्याच्या हातात द्यावं लागतं." तेव्हा मला कळलं हो! मी तज्ज्ञ शोधत हिंडत होतो आणि तज्ज्ञ धरायला माणसं शोधत बसले होते! आणि मी काय केलं? आधीच्या बाईंकडे धरायला शिकलेल्या पोरांनी भरलेलं अंगण त्यांना उघडून दाखवलं. स्वतःच्या हातानं! वर चहा पाजला!

"ही दोन पोरं उद्यापासून माझ्याकडे," गोठेवाला. "मला त्या तिघी," केसवाली. डॉक्टरबाई मुक्या मैनेकडे बघत होत्या. ती शेळीशेजारी बसली होती, शेळी तिच्या खांद्यावर मान टाकून. "ही माझी," डॉक्टरबाई म्हणाल्या. प्राचार्य काय खूश! "वा! यालाच म्हणतात उद्योगाचा सहभाग!" फोटो निघाला. फोटोत सगळे हसतायत, शेळीसुद्धा. मी नाही.

पुढचा सोमवार. वर्गात गेलो, हजेरी घ्यायला तोंड उघडलं... समोर रिकामे बाक. उरलीसुरली होती त्यांनाही गेलेल्यांनी निरोप धाडले, "या रे, इथं पगार आहे!" आणि नेमका तेव्हाच तपासणी-अधिकारी! समितीची फाईल बघून म्हणतो, "उत्कृष्ट! इतकी तगडी समिती मी कुठं पाहिली नाही. चला, विद्यार्थी दाखवा." काय दाखवू? कुत्रा दाखवला. तो म्हणाला, "नवीन प्रवेश भरा, नाहीतर वर्ग बंद." झालं! समिती नव्हती म्हणून वर्ग बंद होणार होता, आता समिती फारच चांगली म्हणून बंद!

गेलो मग दवाखान्यात, हात जोडायला. म्हटलं, एक दिवस तरी पोरांना परत पाठवा. आत टेबलामागे कोण? मुकी मैना! निळा कोट, केस वर बांधलेले. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, इतक्या महिन्यांत जिनं मला एक अक्षर ऐकवलं नाही, ती पोरगी म्हणाली, "सर, जरा धरा हो." बोका होता. मी धरला. ती म्हणाली, "मान सैल सोडा, सर. तो पळणार नाही." चक्क पूर्ण वाक्य! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? बाहेर तिची आई भेटली, तिनं माझे हात धरले. आता या बाईला काय सांगणार मी, की तुमच्या मुलीला आठवडाभर परत द्या, माझा वर्ग बुडतोय? आलो परत. रिकाम्या हातानं. पहिल्यांदाच, बघा.

आता एकच मार्ग उरला होता, कुठून तरी पोरं आणायची. आणि तेवढ्यात शेजारच्या संस्थेतून बोलावणं आलं. त्यांनीही प्राण्यांचा वर्ग काढलाय, त्यांनाही समिती लागली, आणि तिच्यावर आणखी एक तज्ज्ञ म्हणून त्यांनी कुणाला बोलवावं? मला! "प्राणी क्षेत्रातला आपला दांडगा अनुभव..." गेलो. तिथला मास्तर मूळचा टायपिंगचा. बिचारा फाईल छातीशी धरून उभा, माझीच गत. पण वर्ग काय भरलेला! बाकाबाकाला पोरं! मला राहवलं नाही. त्याला कोपऱ्यात घेतलं, म्हटलं, "मास्तर, लाज सोडून विचारतो. यातली थोडी पोरं माझ्या वर्गाला द्या. तेवढाच वाचेल हो."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, "साहेब, आमच्या समितीची पहिली मीटिंग मागच्याच आठवड्यात झाली, आमची पोरं तिथूनच गेली. ही पोरं टायपिंगची आहेत. तुम्हाला दाखवायला आणून बसवलीत."

म्हटलं, चला... फोटो काढून घेऊ.