मोडक्या पायाचा आर

नुंगंबाक्कमच्या स्टॉपवर रेवा थांबली होती, पण बस येईना. ती कॉम्प्युटरसाठी अक्षरांचे फॉन्ट बनवायची. मागून तंजावरी वळणाचं मराठी ऐकू आलं, तसे तिचे कान तिकडेच लागले.

"अप्पा, माझ्या लग्नाचं कार्ड कसं झालंय, सांगा की."

"तुझ्या नावातला हा इंग्रजी आर कुठून आणलास, रंजनी?"

"कॉम्प्युटरमधला आहे. जाडजूड, झिजकी अक्षरं, जुन्या छपाईसारखी. सध्या हीच फॅशन आहे."

"झिजलेला नाही तो. याचा पाय मी मोडलाय. मी कामाला होतो त्या जॉर्ज टाउनच्या प्रेसमध्ये छपाईच्या लाकडी अक्षरांचा संच होता, त्यातला हा आर माझ्या हातून फरशीवर पडला. मालकांनी आठवडाभर अबोला धरला होता."

"म्हणजे माझ्या नावात तुमचंच अक्षर आलं. किती छान."

"कार्डं वाटलीस का?"

"कालच सगळी पोस्टात टाकली. अप्पा, असे मटकन का बसलात?"

"त्या संचाचं काम वेगळं होतं, पोरी."

"कसलं काम?"

अप्पांनी कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलं.

रेवाने वळून कार्डाकडे पाहिलं, अक्षरं ओळखली आणि पिशवीतला पिवळा कागद पुढे केला. भंगारात मिळालेल्या छपाईच्या याच नमुन्यावरून तिने कार्डावरचा तो फॉन्ट बनवला होता.

"काका, खाली तमिळमध्ये काय लिहिलंय? मला वाचता येत नाही."

अप्पांनी कागद लांब धरला.

"हे माझंच हस्ताक्षर."

"पण लिहिलंय काय, अप्पा?"

"हा संच फक्त मयताच्या पत्रकांसाठी. शुभकार्याला लावू नये."