पाच कोयते, दहा सूचक

केजच्या स्टँडवर बीडची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकड्यावर ऊसतोडीचा मुकादम, त्याच्या टोळीतला शहादेव आणि शहादेवची बायको बोलत बसले होते.

“खासदारकीला उभा राहतो बे, शहादेव? तेबी कारखान्याच्या चेअरमनच्या इरोधात?”

“मग काय करू, मुकादम? कारखान्याच्या निवडणुकीला सभासद आसावं लागतंय, वर ऊस घातलेला लागतोय. ह्या दुष्काळात ऊस कुठून आणू? लोकसभेला ऊस लागत न्हाई.”

“न्हाई लागत. वय पंचवीस आन देशात कुठंबी मतदार यादीत नाव आसलं की झालं. पण अपक्षाला दहा सूचक लागतात, ते आपल्याच मतदारसंघातले.”

“हायत की. आपल्या टोळीतले पाच कोयते. एका कोयत्याला नवरा-बायको दोघं, झाले दहा.”

“पाचवा कोयता कुणाचा?”

“आमचाच.”

“आरं, उमेदवार सोताचाच सूचक कसा हुईल?”

“म्हंजी नऊच झाले?”

“आवो, दहावे मुकादम हायत की.”

“वहिनी, मला कावून ओढता त्यात? चेअरमनच्या कारखान्याला टोळ्या मीच देतो.”

“कारखाना तर औंदा बंद हाय.”

“पुढल्या साली पाऊस पडला, मग?”

“मग चेअरमनला टोळी लागंलच. टोळीत आमीच आसणार, मुकादम.”

मग गाडी लागली.

“खिडकीला मला बसू दे, शहादेव. अर्जावर सही करायला उजेड लागतो.”