गेममध्ये बांध नसतो

तो शेतीचा गेम? नक्को यारो, डाउनलोड करू नका. चहा निवायच्या आत गहू कापणीला येतो. कीड नाही, तण नाही. अशी शेती गावाकडं असती, तर आम्ही काचीगुड्यात नोकऱ्या करायला कशाला आलो असतो?

तरी मी खेळतो. सोबत बरकतपुऱ्याचा चुलतभाऊ संदीप असतो. दोघांचं मिळून एकच शेत, आपापल्या फोनवरून. घरी हे सांगितलं नव्हतं. गावाकडच्या बांधावरून बाबा आणि काका भांडले, आणि काकांच्या तोंडची ‘दादा’ ही हाक गेली ती गेलीच. आजीच्या तेराव्यालाही दोघं बोलले नाहीत. पुढं जमीन विकली, अबोला मात्र तसाच राहिला.

परवा मी खेळत होतो, तर बाबा मागं येऊन उभे राहिले.

“हे वावर कोणाचं?”

“माझं.”

“आणि तो दुसरा, नांगर धरलेला?”

आता खोटं काय बोलणार? “संदीप. काकांचा.”

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “तुमच्या दोघांत बांध कुठाय?”

“गेममध्ये बांध नसतो, बाबा. सगळं एकच वावर.”

ते पुढं वाकले. मला वाटलं, आता फोन हिसकावतात. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

“त्याच्या बाजूची भेंडी सुकायलीय. पाणी सोड.”

मी सोडलं.

“आता त्याला म्हणावं, बापाला सांग. दादानं सोडलं म्हणून.”