पूर्णा गटाचा गजर

काल्याच्या कीर्तनाला निघालेल्या तानुबाई एसटीत बसल्या होत्या. पुढच्या बाकावर शाळेच्या दोन पोरी.

"रुद्राणी, घसाच बसलाय गं. आज शाळेच्या खेळात आपल्या पूर्णा गटाचा गजर कसा उठवू?"

"अपेक्षा, दहावीच्याच पोरीनं उठवायचा, ही शाळेची रीत हाय. काल कशाला एवढी बोंबललीस?"

"गोदावरी गटवाल्या लय हसतील."

तानुबाईंना राहवेना. "पोरी, कीर्तनात महाराजांचा घसा बसला तर मागचे टाळकरी उचलून धरतेत. तू नुसतं तोंड उघड, बाई."

"बघू का आजी?" अपेक्षानं हात वर केला अन् घोगऱ्या आवाजात विचारलं, "पूर्णा कोणाची?"

"आमची!"

रुद्राणीच्या आधी तानुबाईच ओरडल्या.

कंडक्टरनं वळून पाहिलं. "आजी, तुमी कितवीला?"